चौपट किमतीचा नाद

फेंडर, गिब्सन आणि पीआरएस (पॉल रीड स्मिथ) या तिन्ही अमेरिकी कंपन्या आपल्या महाग गिटारची स्वस्त भावंडे स्वतःच विकतात, ही इलेक्ट्रिक गिटारच्या बाजारातली जरा विचित्र गोष्ट आहे. फेंडरची स्क्वायर, गिब्सनची एपिफोन आणि पीआरएसची एसई मालिका यांचा घाट मूळ गिटारचाच असतो, रंग बहुतेक तेच असतात, पिकअपची, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकी भागांची, मांडणीही तीच असते. किमतीत मात्र साधारण चौपट आणि काही जोड्यांत त्याहूनही अधिक अंतर असते. एखादी कंपनी स्वतःच्याच मालासमोर असा प्रतिस्पर्धी उभा करते, तेव्हा तिला दोहोंपैकी एका गोष्टीची खात्री असली पाहिजे: एक तर स्वस्त गिटार महाग गिटारच्या जवळपास पोचत नाही, किंवा ती पोचली तरी महाग गिटार घेणारा माणूस महाग गिटारच घेतल्यावाचून राहत नाही. यांतले खरे काय, याचा शोध घेण्यासाठी गेले आठ महिने मी एकाच घाटाच्या दोन गिटार आलटून पालटून वाजवल्या.

दोन्हींना तीन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप आहेत, दोन्हींचा नेक, म्हणजे गिटारची मान, स्क्रूने जोडलेला आहे, दोन्हींवर मी एकाच जाडीच्या तारा चढवल्या आणि दोन्ही एकाच ॲम्पमधून (आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून) ऐकल्या. स्वस्त गिटार माझी आहे. महाग गिटार एका मित्राने विश्वासाने माझ्या हवाली केली होती. त्यांच्या कंपन्यांची नावे मी देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या या दोन नगांच्या आहेत आणि एका नगावरून सबंध कारखान्याला जोखणे बरोबर नाही. ज्या मॉडेलांची नावे येतील ती त्यांच्या जाहीर रचनेपुरतीच येतील.

कागदावरची तुलना आधी उरकून घेऊ, कारण ती फसवी असली तरी बोलकी आहे. स्क्वायरच्या क्लासिक व्हाइब मालिकेतील साठीच्या दशकाच्या धर्तीची स्ट्रॅटोकास्टर आणि फेंडरने २०२० साली आणलेली अमेरिकन प्रोफेशनल टू स्ट्रॅटोकास्टर ही जोडी घ्या. दोन्हींची स्केल लांबी, म्हणजे तारेचा वाजणारा भाग, २५.५ इंच, दोन्हींच्या फ्रेटबोर्डची (तारांखालच्या फळीची) गोलाई त्रिज्येने ९.५ इंच, दोन्हींचे पिकअप अल्निको चुंबकाचे आणि दोन्हींचा नट, म्हणजे शिराजवळचा तारांचा टेकू, हाडाचा. स्वस्त गिटारला २१ फ्रेट (सुरांच्या आडव्या पट्ट्या) आहेत, तर महाग गिटारला २२. स्वस्त गिटारचा नट ४२ मिलिमीटर रुंद आहे आणि महाग गिटारचा त्याहून जेमतेम पाऊण मिलिमीटर जास्त. महाग गिटारमध्ये ट्रेमोलोचा, म्हणजे दांड्याने तारा सैल-ताठ करून सूर हलवणाऱ्या यंत्रणेचा, ठोकळा पोलादी आहे, फ्रेटबोर्डच्या कडा गोलसर घासलेल्या आहेत, नेकची पाठ मऊ पोताची आहे आणि एक खटका दाबून जास्तीचा पिकअप जोडून घेण्याची सोय आहे. यादी एवढ्यावर संपते. केवळ या यादीकडे पाहून कोणी चौपट पैसे मोजणार नाही, आणि मोजणाऱ्याला वेडा ठरवणेही या यादीवरून सोपे आहे. पण गिटारमधल्या पुष्कळ महत्त्वाच्या गोष्टी कंपन्यांच्या तक्त्यात येतच नाहीत.

स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाबाबत एक गोष्ट विसरली जाते. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास बाजारात आणलेली आणि १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने ओळखली जाणारी गिटार, आणि पाठोपाठ १९५४ मध्ये आलेली स्ट्रॅटोकास्टर, या मुळातच कारखान्यात भराभर तयार व्हाव्यात म्हणून रेखलेल्या होत्या. लाकडाची सपाट फळी आकारात कापायची, नेक वेगळा तयार करायचा, चार स्क्रूने तो बॉडीला जोडायचा आणि बिघडला तर काढून दुसरा लावायचा, असा तो सरळ हिशेब होता. स्वतः फेंडर गिटार वाजवत नसत, आणि कदाचित म्हणूनच त्यांनी वाद्याकडे दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने पाहिले. याउलट गिब्सनने १९५२ मध्ये आणलेल्या लेस पॉलमध्ये वरचा मेपलचा थर कोरलेला, नेक सरसाने सांधलेला आणि शिर मागे कललेले, अशी जुन्या वाद्यकारांची पद्धत होती. परिणामी, जी गिटार जन्मतःच यंत्रासाठी रेखली गेली तिची स्वस्त आवृत्ती मूळ गिटारच्या फार जवळ जाते, आणि जिच्यात सांधेकाम आणि कोरीवकाम अधिक आहे तिची आवृत्ती काहीशी मागे राहते. माझ्या अनुभवाने स्वस्त टेलिकास्टर हा या सगळ्या बाजारातला सर्वांत कमी धोक्याचा सौदा आहे. स्वस्त लेस पॉल घेताना नेकचा सांधा आणि गिटारचे वजन दोन्ही नीट तपासावे लागते.

स्वस्त गिटारची आजची स्थिती एकाएकी आलेली नाही. फेंडरने १९८२ मध्ये जपानी भागीदारांबरोबर तिथे उत्पादन सुरू केले आणि स्क्वायर हे नाव गिटारवर आणले. त्या पहिल्या काळातील जपानी गिटार इतक्या नेटक्या निघाल्या की आज संग्राहक त्यांचा शोध घेत असतात. पुढे हे काम कोरिया, चीन आणि इंडोनेशियाकडे सरकत गेले. संगणकाच्या हुकुमाने लाकूड कापणारी यंत्रे सर्वत्र पोचल्यावर तर बॉडीचा आकार, नेकचा खाचा आणि फ्रेटच्या जागा यांत स्वस्त-महाग हा भेद जवळजवळ पुसला गेला. चाळीस वर्षांपूर्वीच्या भिकार गिटारवर नेक वाकडा असे आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर कितीही प्रयत्न केला तरी जुळत नसे. तसली गिटार आता शोधूनही सहसा सापडत नाही.

आता आवाजाकडे वळतो. मित्राला शेजारच्या खोलीत बसवून मी त्याला दोन्ही गिटार मनाला येईल त्या क्रमाने वाजवायला सांगितल्या आणि ॲम्पजवळ बसून कोणती कोणती ते ओळखायचा प्रयत्न केला. त्याआधी दोन्हींच्या पिकअपचे तारांपासूनचे अंतर सारखे करून घेतले होते, कारण हे अंतर मिलिमीटरभर बदलले तरी आवाज आणि त्याचा वजनदारपणा बदलतो आणि बहुतेक घरगुती तुलना याच ठिकाणी फसतात. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम, चढवलेले असताना माझे अंदाज नाणेफेकीइतकेच खरे ठरले. स्वच्छ आवाजात थोडे बरे जमले, पण तेही आवाजावरून कमी आणि मित्राच्या वाजवण्यावरून अधिक. महाग गिटार हातात आली की तो जरा सैलावून, निर्धास्तपणे वाजवत होता. ओळखण्याची ही खूण मला दुसऱ्या दिवशी लक्षात आली आणि तीच या परीक्षणाची खरी सुरुवात ठरली.

आवाज इतका जवळचा का यावा, याला सरळ कारण आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकीय क्षेत्रात पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते, आणि ॲम्पपर्यंत पोचते ती तेवढीच. ही रचना साधी आहे आणि तिचे साहित्य महाग नाही. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे, म्हणजे अल्निकोचे, चुंबक पूर्वी महाग गिटारमध्येच असत आणि स्वस्त गिटारमध्ये सिरॅमिकचे. आता मधल्या किमतीच्या गिटारमध्येही अल्निको सर्रास मिळते. यामाहाच्या पॅसिफिका मालिकेतील ६१२ या मॉडेलमध्ये तर सेमूर डंकनचे पिकअप, विल्किन्सनचा ब्रिज (बॉडीवरचा तारांचा टेकू) आणि ग्रोव्हरचे लॉक होणारे ट्यूनर (तारा ताणण्याच्या खुंट्या) बसवलेले असतात; हे सुटे भाग लोक एरवी वेगळे पैसे देऊन विकत घेतात. लाकडाबद्दल वादकांत अजूनही हिरिरीने वाद होतात. बॉडीच्या लाकडाचा ॲम्पमधून येणाऱ्या आवाजावर होणारा परिणाम पिकअप, त्याची उंची, तारा, ॲम्प आणि स्पीकर या सर्वांच्या मागे कुठेतरी असतो, एवढे बोलून मी त्या वादातून बाहेर पडतो. ज्या बासवुडला कोणे एके काळी हलके म्हणून हिणवले जाई, त्याच लाकडाच्या आयबानेझ गिटार नामांकित वादक जो सॅट्रिआनी यांनी जगभरच्या रंगमंचांवर वाजवल्या आहेत.

स्वस्त गिटार आवाजात जिथे खरोखर मागे पडली ती जागा पिकअपची नव्हती, व्हॉल्यूमच्या बटणाची होती. सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये प्रथेप्रमाणे २५० किलोओमचे पॉट, म्हणजे बटणाखालचे फिरते रोधक, असतात. महाग गिटारवर बटण दहावरून सातवर आणले की आवाज मऊ होतो, डिस्टॉर्शन विरळ होते, आणि एकाच ॲम्पच्या एकाच सेटिंगवर तीन-चार वेगवेगळे पोत हाताशी येतात. स्वस्त गिटारवरचा छोटा पॉट दहापासून चारपर्यंत जवळपास काहीच करत नव्हता आणि तिथून पुढे आवाज एकदम खाली आदळत होता. पाय पॅडलवर आणि बटण कायम दहावर ठेवून वाजवणाऱ्याला हा फरक आयुष्यभर कळणार नाही. करंगळीने बटण फिरवत वाजवणाऱ्याला तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

आणि आता फ्रेट. या विषयावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण किमतीतला खरा फरक इथे राहतो. फ्रेट म्हणजे लाकडात ठोकून बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. यंत्राने त्यांच्या खाचा अचूक पाडल्या, तरी ठोकल्यावर त्या सगळ्या एका उंचीला येतातच असे नाही. केसभर वर-खाली राहतात. मग त्या सपाट घासाव्या लागतात, घासून चपट्या झालेल्या माथ्याला पुन्हा गोलाई द्यावी लागते, दोन्ही बाजूंची टोके एकेक करून कानशीने गुळगुळीत करावी लागतात आणि शेवटी चकाकी आणावी लागते. बावीस फ्रेट म्हणजे चव्वेचाळीस टोके. हे काम कुशल हाताला तासन्‌तास लागते, आणि कारखान्यात सर्वांत महाग गोष्ट असते ती कुशल हाताचा तास. जर्मनीत विकसित झालेले प्लेक नावाचे यंत्र फ्रेटची उंची मोजून संगणकाच्या साहाय्याने त्या घासते, आणि गिब्सनसारख्या कंपन्या ते वापरतात. परंतु स्वस्त गिटारच्या वाट्याला बहुधा घाईघाईने केलेली घासाघीसच येते.

या घाईचे फळ असे असते. माझ्या स्वस्त गिटारवर चौदाव्या फ्रेटला वरची तार ओढून बेंड केली की सूर मध्येच गुदमरत असे, कारण पुढचा एक फ्रेट किंचित उंच होता आणि ओढलेली तार त्यावर टेकत होती. यावर उपाय म्हणून मी तारांची उंची वाढवत गेलो. उंची वाढल्यावर बोटांना जोर लागू लागला. जोर लागल्यावर तार दाबतानाच सूर चढू लागला. आणि गिटार बेसूर आहे अशी माझी समजूत झाली. हवा कोरडी झाल्यावर फ्रेटबोर्डचे लाकूड आकसले आणि न आकसणाऱ्या धातूची टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला टोचू लागली. महाग गिटारच्या गोलसर कडांवरून हात फिरवला तर टोके आहेत की नाहीत तेच कळत नाही. तारा बाराव्या फ्रेटवर दीड मिलिमीटरवर होत्या आणि कुठेही बेंड गुदमरत नव्हते. मित्र निर्धास्त वाजवत होता तो यामुळे.

सहाव्या महिन्यात मी स्वस्त गिटार एका कारागिराकडे दिली. त्याने नेकमधला ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक ठरवणारी सळई, जुळवला, फ्रेट सपाट करून पुन्हा गोल केले, टोके घासली आणि नटच्या खाचा योग्य खोलीपर्यंत कापल्या. नटचे काम लहान दिसते, पण पहिल्या फ्रेटवरच्या कॉर्ड खटकण्याचे ते सर्वांत नेहमीचे कारण आहे: खाचा उथळ राहिल्या की तारा नटपाशी उंच राहतात, आणि पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर दाबताना ताणल्या जाऊन सूर चढतो. गिटार परत आली तेव्हा मी तिच्यावर एकही नवा भाग बसवलेला नव्हता आणि तरी ती ओळखू येत नव्हती. दोन्ही गिटारमधले अंतर निम्म्याहून अधिक मिटले असे मी म्हणेन, आणि त्यासाठी लागलेला खर्च गिटारच्या किमतीच्या एका लहानशा भागाएवढा होता.

स्वस्त वाद्यांची बाजू मांडताना क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या रेड स्पेशल गिटारचा दाखला हटकून दिला जातो. त्यांनी ती १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरी घडवली. नेकसाठी जुन्या शेकोटीचे लाकूड वापरले आणि ट्रेमोलोसाठी मोटरसायकलच्या स्प्रिंगा. साहित्य टाकाऊ होते, हे खरे. पण अभियंता असलेल्या वडिलांनी आणि हुशार मुलाने मिळून तिच्यावर जवळपास दोन वर्षे काम केले, हे दाखला देणारे सांगत नाहीत. त्या कष्टांचे मोल कारखान्याच्या दराने लावले, तर रेड स्पेशल ही जगातली सर्वांत महाग गिटारपैकी एक ठरेल.

सूर टिकण्याच्या बाबतीत मात्र किंमत आणि गुण यांचे नाते बरेच सैल आहे. गिटार सूर सोडते तेव्हा लोक ट्यूनरला दोष देतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तार नटच्या खाचेत अडकलेली असते. लेस पॉलच्या धर्तीच्या शिरावर मधल्या दोन तारा नटमधून निघून बाहेरच्या दिशेला वळतात, त्यामुळे तिसरी तार सतावते, आणि ती गिब्सनवरही सतावते आणि एपिफोनवरही. मित्राच्या महाग गिटारचा ट्रेमोलो निःसंशय सरस आहे. दांडा दाबून सोडला की तो जागेवर परततो. माझ्या गिटारच्या ट्रेमोलोचा ठोकळा हलक्या मिश्रधातूचा आहे आणि दांडा त्यात सैल बसतो. मी शेवटी स्प्रिंगा आवळून तो बॉडीला टेकवून टाकला, आणि प्रश्न मिटला; अर्थात ट्रेमोलोही गेला.

काही ठिकाणी महाग असणेच अंगाशी येते. गिब्सनच्या शिराचा कल परंपरेने १७ अंशांचा आहे, नेक महोगनीचा असतो आणि नटच्या मागे ट्रस रॉडसाठी लाकूड पोखरलेले असते. गिटार पडली की शिर तिथेच तुटते, ही त्या घाटाची जुनी आणि सर्वज्ञात दुखरी जागा आहे. लाकूड वाचवण्यासाठी अनेक स्वस्त गिटारमध्ये शिर तिरक्या कापाने वेगळे सांधलेले असते, आणि त्यामुळे लाकडाचे तंतू शिराच्या दिशेने सलग राहून तो भाग उलट अधिक बळकट होतो. काटकसरीतून आलेला हा सुधार आहे. पण विक्रेते तो दोषासारखा लपवतात.

एकसारखेपणा हा मात्र महाग गिटारचा न मिरवलेला गुण आहे. एकाच स्वस्त मॉडेलचे चार नग हातात घेतले तर एक उत्तम, दोन ठीक आणि एक वैतागवाणा निघणे अगदी शक्य असते. महाग गिटारमध्येही फरक असतो, पण तळ इतका खाली जात नाही. म्हणून स्वस्त गिटार न वाजवता घेऊ नये, आणि वाजवून घेणे शक्य नसेल तर कारागिराचा खर्च आधीच तिच्या किमतीत धरावा.

त्याचबरोबर एका सापळ्यापासून सावध राहावे. स्वस्त गिटार घेऊन पिकअप, ट्यूनर, ब्रिज, सगळेच हळूहळू बदलत जाण्याचा नाद पुष्कळांना लागतो, आणि वर्षभरात एकूण खर्च वरच्या पायरीवरच्या गिटारएवढा होतो. विकताना मात्र बाजार या बदललेल्या भागांचे जवळपास काहीच देत नाही, तर नामांकित महाग गिटार आपली किंमत बऱ्यापैकी राखून असते. आधी फ्रेट आणि नट, मग निदान वर्षभर वादन, आणि मग वाटलेच तर एखादा भाग, हा क्रम मी सुचवीन. हातात जास्तीचे पैसे असतील तर ते बऱ्या ॲम्पवर घालावेत. साध्या ॲम्पमधून वाजणारी महाग गिटार आणि बऱ्या ॲम्पमधून वाजणारी स्वस्त गिटार यांत मी डोळे मिटून दुसरी निवडीन.

ॲम्पसकट एकाच खोक्यात मिळणाऱ्या अगदी तळाच्या गिटारना मात्र ही सवलत लागू नाही. तिथे नटचे प्लॅस्टिक पोकळ असते, ट्यूनरच्या दात्यांत मोकळीक असते, आणि कारागिराचा खर्च गिटारच्या किमतीच्या जवळ जातो. स्क्वायर क्लासिक व्हाइब, पॅसिफिकाची मधली मॉडेले आणि पीआरएस एसई या पायरीवरच्या गिटार घरी, सरावात, ध्वनिमुद्रणात आणि अधूनमधूनच्या कार्यक्रमांत महाग गिटारसमोर ताठ मानेने उभ्या राहतात. आठवड्यातून चार रात्री रंगमंचावर वाजवणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याला खटका पाच हजार वेळा फिरल्यावर खरखरू नये, जॅक सैल होऊ नये, दिव्यांची घरघर आत शिरू नये, आणि पाठीमागे कारागीर नसताना फ्रेटनी दगा देऊ नये, याचे पैसे मोजायचे असतात; आणि ते मोजण्याजोगे आहेत.

महाग गिटार गेल्या आठवड्यात मी मित्राला परत केली. पहिले दोन दिवस हात नेकवर तिचा मऊ पोत शोधत राहिला, तिसऱ्या दिवशी विसरला. माझ्या गिटारला आता मोठे पॉट बसवायचे आहेत, पण छोट्या पॉटसाठी पाडलेली छिद्रे त्यांना अरुंद पडतात आणि ती रुंद करताना पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीला तडा जाईल अशी भीती वाटते. ड्रिल टेबलावर काढून ठेवलेले आहे.